पहिली पायरी कोणाची? त्रिकोणमितीच्या एका शिकवणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अकरावीतला एक मुलगा. ओळख पटेल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत, गणितं मात्र त्याच्या वहीत होती तीच आहेत.

दहावीपर्यंत त्याला गणिताची भीती नव्हती. बीजगणितात तर चांगला हात बसलेला. करणी, अपूर्णांक, वर्गसमीकरणं यांत तो क्वचितच चुके. अकरावीच्या पहिल्या चाचणीत त्रिकोणमितीला ४० पैकी ११ गुण पडले आणि घरच्यांनी माझ्याकडे शिकवणी लावली. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. पुढची परीक्षा चौदा आठवड्यांवर होती.

पहिले पाच आठवडे मस्त गेले. तो वेळेवर यायचा, गृहपाठ करून आणायचा, समोर बसून उदाहरणं सोडवायचा. एका बैठकीत सहा-सात उदाहरणं सहज होत. घरून विचारलं की मी "छान चाललंय" असं सांगत होते आणि माझा त्यावर विश्वासही होता. या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक याच पाच आठवड्यांत झाली, आणि ती त्याची नव्हती.

अडचण

पाचव्या आठवड्याच्या शेवटी मी एक छोटी चाचणी घेतली. पाच उदाहरणं, सगळी वहीतल्या उदाहरणांची भावंडं. कुठे चिन्ह बदललेलं, कुठे साइनच्या जागी कॉस. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. पाऊण तासानं परत आले तेव्हा एक उदाहरण झालं होतं, दोन सुरू होऊन अर्ध्यावर थांबली होती आणि दोन कोरीच होती.

कोऱ्यांपैकी एक असं होतं:

कॉस थीटा ÷ (१ + साइन थीटा) = सेक थीटा − टॅन थीटा हे सिद्ध करा.

चारच दिवसांपूर्वी त्यानं माझ्यासमोर हे केलं होतं:

साइन थीटा ÷ (१ − कॉस थीटा) = कोसेक थीटा + कॉट थीटा.

तेव्हा अंश आणि छेद दोन्हींना (१ + कॉस थीटा) ने गुणून, छेदात १ − कॉस² म्हणजे साइन² आणून, चार ओळींत त्यानं ते संपवलं होतं. लेखन सुबक, एकही खाडाखोड नाही. मग त्याच्या जुळ्या भावापुढे कागद कोरा का?

त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सुरुवात सुचली नाही. सुरुवात सांगा, पुढचं मी करतो."

त्या रात्री त्याची वही घेऊन बसले. हातात दोन पेन. जी पायरी त्याला स्वतःला सुचली तिच्यापुढे निळी खूण, जी माझ्या तोंडून आली तिच्यापुढे लाल. आठवेल तितकं प्रामाणिकपणे. बारा सिद्धता तपासल्या. त्यांतल्या नऊंच्या पहिल्या ओळीपुढे लाल खूण पडली. "छेदाकडे बघ." "सगळं साइन-कॉसमध्ये आण." "वर्ग दिसतोय ना?" मी स्वतः याला मदत म्हणतही नव्हते, ही नुसती सहज बोलण्यातली वाक्यं वाटत होती. पण त्रिकोणमितीच्या सिद्धतेत अवघड काम एकच असतं, अनेक वाटांपैकी कोणती धरायची ते ठरवणं. ते मी करत होते. उरलेलं बीजगणित त्याला आधीपासूनच येत होतं, म्हणून तर वही इतकी सुबक.

आणखी एक गोष्ट आठवली. प्रत्येक ओळ लिहून झाली की तो मान वर करून माझ्याकडे बघायचा. मी "हं" म्हटलं की पुढे. भुवई जराशी आकसली की ओळ खोडायला खोडरबर हातात. माझा चेहरा हीच त्याची उत्तरसूची होती, आणि परीक्षेत चेहरा नसतो.

पुढच्या बैठकीत मी शिकवलं काहीच नाही, नुसतं चाचपलं. त्यातले दोन प्रसंग सांगते.

पहिला. त्याला विचारलं, "साइन ५० साधारण किती असेल?" उत्तर आलं, "ते तक्त्यात नाही." तक्ता मात्र तोंडपाठ. ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांसाठी ०, १, २, ३, ४ लिहायचे, चारने भागायचे, वर्गमूळ घ्यायचं, ही युक्ती तो डोळे मिटून करी. साइन ४५ म्हणजे ०.७०७ आणि साइन ६० म्हणजे ०.८६६ हे त्याला ठाऊक होतं. साइन ५० या दोघांच्या मधे कुठेतरी असणार, हे मात्र मनातच आलं नाही. साइन ही कोनाबरोबर हळूहळू बदलत जाणारी राशी आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याच्या लेखी ती पाच घरांची यादी होती.

दुसरा. मनोऱ्याच्या पायथ्यापासून ४० मीटरवरून टोकाचा उन्नत कोन ३० अंश, तर उंची किती? त्यानं ४० गुणिले टॅन ३० बरोबर मांडलं, गणकयंत्रावर केलं आणि उत्तराला चौकट आखली: उंची = −२५६.२ मीटर. यंत्र अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, राहिलं होतं. ३० रेडियनचा टॅन येतो −६.४०५, म्हणजे यंत्र आपल्या परीनं खरंच बोलत होतं. खरं उत्तर २३.१ मीटर. यंत्राची कळ चुकणं कोणाच्याही हातून होतं. पण अडीचशे मीटर जमिनीत गाडलेल्या मनोऱ्याला पट्टीनं सरळ चौकट आखताना हात जराही अडला नाही, याची मला जास्त काळजी वाटली.

पर्याय

नऊ आठवडे उरले होते. माझ्यापुढे चार वाटा होत्या.

सगळ्यात सोपी म्हणजे आहे तेच चालू ठेवायचं, फक्त उदाहरणं वाढवायची. घरच्यांची अपेक्षा तीच होती. शंभर सिद्धता केल्या की पंचवीस प्रकार ओळखीचे होतात आणि पेपरात त्यांतले पाच-सहा येतात, हा हिशेब अगदीच खोटा नाही. पण लाल खुणांची वही बघितल्यावर मला यात एकच गोष्ट दिसत होती, शंभर उदाहरणांत माझ्या सत्तर-ऐंशी पायऱ्या.

दुसरी, सूत्रं आणि 'प्रकार' यांची जंत्री करून द्यायची. 'छेदात १ ± साइन असेल तर अनुबद्ध जोडीनं गुणा' अशी. मुलांना हे आवडतं, चाचणीतले गुणही पटकन वाढतात. मात्र जंत्रीबाहेरचं एक उदाहरण आलं की पुन्हा कोरा कागद.

तिसरी वाट म्हणजे मागे जाऊन वर्तुळापासून पुन्हा सुरुवात. यात किमान दोन आठवडे जाणार आणि तेवढा काळ वहीत 'प्रगती' दिसणार नाही.

चौथी, मदत एकदम बंद. त्याला एकट्याला झगडू द्यायचं.

शिकवणीतल्या मदतीबद्दल १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी एक निबंध लिहिला होता. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मोठं माणूस कशी मदत करतं, याचं त्यात निरीक्षण आहे. त्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. उपमा इतकी चालली की आज शिक्षकांच्या बोलण्यात ती झिजून गुळगुळीत झाली आहे, पण त्या दिवशी मला ती चांगलीच टोचली. माझी परांची भिंतीला टेकलेली नव्हती. भिंतच परांचीला टेकून उभी होती.

मी तिसरी वाट धरली आणि पुढे चौथीची थोडी भर घालायची असं ठरवलं. ती 'थोडी' किती, याचा अंदाज पुढे चुकलाच.

काय केलं

आलेखकागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला लावलं. कोनमापकानं दर १० अंशांना खूण, प्रत्येक खुणेपासून आडव्या अक्षावर लंब, आणि त्या लंबाची लांबी पट्टीनं मोजायची. त्रिज्या १० घेतली की लांबी भागिले १० म्हणजे साइन, हिशेबाचा त्रास नाही. ३० अंशांना ५.०, ५० ला ७.७, ६० ला ८.७. हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं मोजलं. ६० च्या आकड्यावर तो थबकला. "३० चा दुप्पट कोन आहे, मग १० का नाही?" पाच आठवड्यांत त्यानं मला विचारलेला हा पहिला 'का'. तोवर साइन (अ + ब) म्हणजे साइन अ + साइन ब असं तो अधूनमधून लिहायचा, मी खोडायची, तो पुन्हा लिहायचा. आता पट्टीच सांगत होती की तसं नाही.

इथं मला थोडं विषयांतर सुचलं आणि ते कामाला आलं. तो लंब अक्षाच्या खालीही तेवढाच वाढवला की वर्तुळाची जीवा होते, आणि जीवा त्याला जुनी ओळखीची. म्हणजे साइन ही अर्धी जीवा, अर्धज्या. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये हिचंच कोष्टक दिलं. त्यानं दिलेत ते लागोपाठच्या अर्धज्यांमधले फरक, दर ३ अंश ४५ कलांना (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक, असे ९० अंशांपर्यंत २४. मी पहिले आठ फळ्यावर लिहिले: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. "कर बेरीज." आठ वेळा पावणेचार म्हणजे ३० अंश. बेरीज आली १७१९. आर्यभटाची त्रिज्या होती ३४३८. त्याची निम्मी १७१९.

तो आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "फरक कमी कमी होत चाललेत. म्हणून ६० ला दुप्पट होत नाही." हे मी सांगितलेलं नव्हतं. वहीत निळी खूण.

३४३८ कुठून आला हेही त्याच बैठकीत झालं. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला, त्यांना दोन पायनं भागलं की जवळजवळ ३४३८. म्हणजे एक रेडियनमधल्या कला, अंशांत सुमारे ५७.३. रेडियन हे यंत्रावरचं एक कटकटीचं बटण न राहता त्रिज्येइतक्या लांब कमानीचा कोन झाला. ३० रेडियन म्हणजे वर्तुळाला पावणेपाचच्या आसपास फेऱ्या, हे त्यानं बोटानं हवेत फिरवून दाखवलं आणि गाडलेल्या मनोऱ्यावर स्वतःच हसला. (ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तो शब्द अरबीत 'जीबा' झाला, पुढे 'जैब' असा वाचला गेला, आणि 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी किंवा कुशी असल्यानं बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरात 'सायनस' उमटला. ही कथा मी सांगितली, त्याला ती विशेष भावली नाही. सगळंच भावायला हवं असं नाही.)

सातव्या आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला. "मॅडम, वहीत नुसती वर्तुळं दिसताहेत. पोर्शन कधी होणार?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना लाल-निळ्या खुणांची वही दाखवली आणि पहिल्या पाच आठवड्यांत माझं काय चुकलं ते सांगितलं. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी विचारायचे तेव्हा सगळं छान चाललंय म्हणत होतात ते…?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षेच्या दोन आठवडे आधी सगळा भाग पुरा करून देईन, असा शब्द दिला आणि तो पाळताना पुढे माझी दमछाक झाली.

आठव्या आठवड्यापासून 'पहिली पायरी'चा कागद सुरू केला. एका कागदावर दहा उदाहरणं. सोडवायचं एकही नाही. प्रत्येकापुढे फक्त दोन ओळी लिहायच्या: पहिल्यांदा काय करशील, आणि का. वेळ वीस मिनिटं. त्याला हे फसवणुकीसारखं वाटलं, "उत्तर नाही काढायचं?" असं दोनदा विचारून झालं. पहिल्या कागदावर दहापैकी सहा ठिकाणी 'का'च्या जागी लिहिलं होतं, 'असंच करतात म्हणून'. तिसऱ्या कागदावर (१ − कॉस थीटा) च्या छेदासमोर वाक्य होतं: 'करणीच्या छेदाचं परिमेयीकरण करतो तसं, कारण वर्गांची वजाबाकी झाली की एकच पद उरतं.' करणीचं परिमेयीकरण त्याला दोन वर्षांपासून येत होतं. हीच ती युक्ती, हे मी "छेदाकडे बघ" म्हणून इतके दिवस झाकून ठेवलं होतं.

तपासायची सवय याच सुमारास लावली. सिद्धता अडली किंवा संशय आला की एक कोन घालून दोन्ही बाजू यंत्रावर काढायच्या. तो नेहमी ४५ घ्यायचा, कारण सोपा. इथं एक खाचखळगा आहे. ४५ अंशांना साइन आणि कॉस सारखेच, टॅन आणि कॉट दोन्ही १. दोघांची अदलाबदल झालेली असली तरी ४५ ती चूक पकडत नाही. म्हणून २० घ्यायचे. तेही यंत्र अंशांवर आहे हे साइन ३० दाबून बघितल्यावर. आणि २० ला दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे सिद्धता झाली असंही नाही. न जुळल्या तर मात्र कुठेतरी नक्की घोळ आहे.

नववा आठवडा वाईट गेला, आणि त्याचा दोष माझा. 'पहिली पायरी'च्या यशानं मला जोर चढला होता. त्या दिवशी मी जाहीर केलं की आज मी एक अक्षर बोलणार नाही. दिलेलं उदाहरण होतं: अ + ब + क = १८०° असेल तर साइन २अ + साइन २ब + साइन २क = ४ साइन अ साइन ब साइन क. बेरजेचं गुणाकारात रूपांतर आम्ही आदल्याच बैठकीत घाईनं उरकलेलं. तो पंचवीस मिनिटं त्या कागदाशी बसला. तीनदा सुरू केलं, तीनदा खोडलं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, अक्षरशः. शेवटी त्यानं पेनाचं टोपण लावलं, "मला नाही जमत हे" एवढंच म्हणाला आणि उरलेला अर्धा तास काहीच केलं नाही. पुढच्या दोन बैठकांना तो आला नाही. डोकं दुखतंय, असा निरोप होता.

दोन बैठका म्हणजे एक अख्खा आठवडा गेला. त्या रिकाम्या तासांत मी जरा शांतपणे विचार केला. ज्याच्याकडे सूत्र नीट बसलेलं आहे पण निवडता येत नाही, त्याच्यासमोर गप्प बसणं ही मदत आहे. ज्याच्याकडे सूत्रच अजून कच्चं आहे, त्याच्यासमोर गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं. मी दोन्ही प्रसंग एकाच मापानं मोजले होते. नवीन प्रकाराच्या सुरुवातीला पूर्ण सोडवलेली उदाहरणं वाचायला देणं हे नुसतं झगडायला लावण्यापेक्षा बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतं, असं स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत दाखवलं होतं. ते वाचलेलं होतं, वेळेवर आठवलं नाही.

तो परत आला तेव्हा त्याच उदाहरणाची सोडवलेली सिद्धता कागदावर तयार होती, शेवटची ओळ रिकामी ठेवून. ती त्यानं भरली. पुढच्या कागदावर तशाच दुसऱ्या उदाहरणाच्या शेवटच्या दोन ओळी रिकाम्या. मग तीन. पाचव्या कागदावर फक्त पहिली ओळ मी दिलेली, सहाव्यावर तीही नाही. दोन बैठकांत तो जिथं टोपण लावून थांबला होता त्याच्या पुढे गेला. रुसवा कधी गेला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढे ठरलेली पद्धत साधी राहिली. प्रकार नवा असेल तर रिकाम्या ओळींचे कागद. जुना असेल तर मी तीनच प्रश्न विचारायचे: काय दिलंय, काय हवंय, दोन्ही बाजूंत वेगळं काय दिसतंय. त्यापलीकडे बोलायचं तर आधी घड्याळात तीन मिनिटं जाऊ द्यायची. आणि तो लिहीत असताना मी त्याच्यासमोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, म्हणजे चेहरा वाचता येत नाही. या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला असं विचाराल तर मी खुर्ची हलवली त्याचा, असं सांगेन.

समीकरणांत एक जुनी खोड निघाली ती अशी. साइन २क्ष = कॉस क्ष, क्ष ० ते ३६० अंशांत. त्यानं २ साइन क्ष कॉस क्ष = कॉस क्ष लिहून दोन्हीकडचा कॉस क्ष उडवला आणि ३० व १५० ही उत्तरं दिली. पूर्वी मी म्हटलं असतं, "भागू नकोस, सामाईक काढ." आता एवढंच म्हटलं, "९० घालून बघ." साइन १८० शून्य, कॉस ९० शून्य. जुळतंय! मग हे उत्तर गेलं कुठे? कॉस क्ष उडवताना आपण तो शून्य नाही असं गृहीत धरलं, आणि नेमकी तीच दोन उत्तरं, ९० आणि २७०, हातची गेली. हे उमगायला त्याला अकरा मिनिटं लागली. सांगायला मला दहा सेकंद लागले असते.

परिणाम

परीक्षेत ४० पैकी २५. घरी आनंद झाला, माझाही जीव भांड्यात पडला. पण गुणांपेक्षा उत्तरपत्रिकाच बोलकी होती आणि शाळेनं ती परत दिल्यावर आम्ही दोघांनी ती शांतपणे बघितली.

तीनपैकी दोन सिद्धता पूर्ण, एक अर्धी. पण कोरं काहीच नव्हतं. अर्ध्या सिद्धतेखाली त्यानं समासात २० अंश घालून बघितलं होतं, दोन्ही बाजू जुळत नव्हत्या, आणि त्यानं ती ओळ खोडून नवी सुरुवात केली होती. वेळ पुरला नाही.

मनोऱ्याचं उदाहरण असं होतं: एका बिंदूपासून टोकाचा उन्नत कोन ३० अंश, मनोऱ्याकडे ४० मीटर चालल्यावर ६० अंश. उंची काढा. याची ठरलेली रीत म्हणजे उरलेलं अंतर क्ष धरायचं, टॅनची दोन समीकरणं मांडायची, क्ष = २० काढायचा आणि मग उंची २०√३. आम्ही वहीत असंच केलेलं. त्यानं आकृती काढली होती, आणि आकृतीतल्या बारक्या त्रिकोणात, म्हणजे दोन बिंदू आणि टोक यांच्या त्रिकोणात, तिसरा कोन ६० − ३० = ३० असा लिहून त्याभोवती गोल केला होता. दोन कोन सारखे, म्हणून दोन बाजू सारख्या. दुसऱ्या बिंदूपासून टोकापर्यंतचं तिरपं अंतर ४० मीटरच. उंची = ४० साइन ६० = २०√३. क्ष नाही, समीकरण नाही, तीन ओळी. शेजारी कंसात: 'सुमारे ३४.६, जमिनीच्या वर'.

ही रीत मी शिकवलेली नव्हती. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती मलाही सुचली नसती, इतकी माझी बोटं क्ष धरायला सरावली आहेत.

गुण गेले ते सूत्रं आठवण्यात आणि साइनच्या नियमात (त्रिकोणाची बाजू भागिले तिच्यासमोरच्या कोनाचा साइन, हे तिन्ही बाजूंना सारखंच येतं, तो नियम). बेरजेचं गुणाकारात रूपांतर अजून कच्चंच होतं. बुडालेला आठवडा तिथं नडला.

आज पुन्हा असंच कोणी आलं तर

लाल-निळ्या खुणा पहिल्या बैठकीपासून करेन, पाच आठवडे थांबणार नाही. त्याला दोन पेन लागतात आणि रात्रीची दहा मिनिटं. चाचणी तिसऱ्या-चौथ्या बैठकीतच, आणि मी खोलीबाहेर. समोर बसून सोडवलेलं उदाहरण मुलाला आलं असं मी आता धरत नाही. घरी फोनवर "छान चाललंय" म्हणायच्या आधी त्या वहीकडे बघते.

वर्तुळावर दोन आठवडे खर्चले ते पुन्हाही खर्चीन, पण सलग नाही. दर बैठकीची पहिली वीस मिनिटं, आणि बाकी वेळ चालू भागाला. आईंचा फोन आला नसता असं नाही, पण वहीत वर्तुळांच्या जोडीनं काहीतरी दिसलं असतं आणि शेवटच्या आठवड्यांतली धावपळ टळली असती. शिवाय वर्तुळ सुरुवातीला उरकून बाजूला ठेवलं गेलं नसतं, जे आमचं झालं.

कारण साइनच्या नियमावरचं जे उदाहरण चुकलं ते हे: एका त्रिकोणात कोन अ ३० अंश, त्याच्या समोरची बाजू ६, दुसरी एक बाजू १०. त्या दुसऱ्या बाजूसमोरचा कोन ब काढा. साइन ब = १० × ०.५ ÷ ६ = ०.८३३, यंत्र म्हणालं ५६.४ अंश, त्यानं तेवढंच लिहिलं. १२३.६ अंशही चालतो, ३० मिळवले तरी १८० च्या आतच राहतो. असे दोन त्रिकोण होतात आणि निम्मे गुण दुसऱ्याचे होते. उत्तरपत्रिका बघून झाल्यावर मी सातव्या आठवड्यातला आलेखकागद काढला. त्यावर ५० आणि १३० च्या लंबांपुढे ७.७, ६० आणि १२० च्या लंबांपुढे ८.७, आणि एकाच उंचीच्या जोड्या त्यानं आडव्या पेन्सिलरेघेनं जोडलेल्या. ८.३ ची रेघ तेवढी ओढायची राहिली होती. साइनचा नियम आम्ही बाराव्या आठवड्यात केला तेव्हा तो कागद त्याच वहीत, वीस पानं मागे होता. दोघांपैकी कोणीच ती पानं उलटली नाहीत.